डाळिंबाला पहाऱ्याला बसवू नका

मी कुवा गावचं डाळिंब. फरगाना खोऱ्यात माझं नुसतं नाव काढा, लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. बढाई वाटेल, पण झाडाने आपल्या फळाची बढाई मारायची नाही तर कुणाची?

तोलकिनच्या वडिलांनी मला या अंगणात लावलं. ते गेले, तोलकिनच्याही मिशा पिकल्या, मी अजून लालेलाल फळतंय. त्याची बायको सल्तनत माझे दाणे पिळून वाडगाभर रस काढते आणि तो एका दमात पितो. इथवर सगळं झकास. पण त्याच्या जिभेखाली सदा नोसची चिमूट. तंबाखूत चुना आणि राख कालवलेली ती हिरवी पूड. मला तिचा मनस्वी संताप येतो.

यंदा त्याच्या जिभेखाली पांढरा चट्टा उठला. डॉक्टरांकडे चला म्हणून सल्तनत मागे लागली. तेवढ्यात लेक मुहय्यो घरी आली. ती शहरातल्या प्रयोगशाळेत काम करते.

"बाबा, आम्ही काचेच्या बशीत पेशी वाढवल्या आणि त्यांच्यावर तंबाखूतलं विष घातलं," ती म्हणाली. "त्यातून कॅन्सर होतो ना, तेच. ज्या पेशींना आधी डाळिंबाचा रस दिला होता, त्यांची नासाडी कमी झाली. रसातली द्रव्यं विषाला बरंचसं थोपवतात."

मी अगदी फुलून गेलं.

"ऐकलंस?" तोलकिन बायकोला म्हणाला. "औषध अंगणातच आहे. डॉक्टर कशाला हवा?"

"बाबा, पुरतं ऐका तरी. ती बशी होती, माणूस नव्हे. माणसात किती गुण येतो ते अजून नक्की नाही. आणि नोस सोडल्याशिवाय..."

पण बाबा कसले ऐकतायत! त्या दिवसापासून चिमटी दुप्पट झाल्या आणि वर रसाचा वाडगा. चट्टा होता तिथेच होता.

मग थंडी आली. आमच्याकडे बर्फाआधी डाळिंबाची झाडं वाकवून मातीखाली गाडतात, नाहीतर ती गारठून मरतात. तोलकिन फावडं घेऊन आला, तर सल्तनत माझ्यासमोर आडवी उभी.

"यंदा राहू द्या," ती म्हणाली. "एवढं ताकदीचं झाड, सोसेल की थंडी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ताकद आहे म्हणून उघड्यावर टाकायचं? मरेल ते."

"झाडाचं कळतं तुम्हाला. मग स्वतःचं का नाही कळत?" तिने फावड्याचा दांडा धरला. "मला भीती वाटते हो."

तोलकिनने फावडं खाली ठेवलं. मग त्याने कमरेची नोसची डबी काढून रस्त्याकडेच्या गटारात रिकामी केली.

"उद्या जाऊ डॉक्टरांकडे," तो पुटपुटला. "आधी याला निजवू दे."

डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही. पण नोस चालू राहिली तर होऊ शकतो, वसंतात पुन्हा दाखवा, असं बजावलं. माझ्यावर आणखी माती ओढताना सल्तनतने हे मला सांगितलं.

आता मी मातीखाली आहे. माझ्या रसावर माझा भरवसा आहे, पेशींच्या बाजूने मी जमेल तेवढं झुंजेन. पण मला पहाऱ्याला बसवून माणसाने चोराला रोज स्वतःच दार उघडलं, तर मी काय करणार? तोलकिन हल्ली चिडचिड करतो, सल्तनतवर डाफरतो, नोसऐवजी दिवसभर मनुका चघळत बसतो. चालेल. डाफर बाबा, हवं तितकं डाफर. फक्त वसंतात मला उकरायला तूच ये.