शकुनने उचललेला बार

मित्रांनो, वजन उचलणारे खेळाडू ज्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या अडकवतात, तो लांब दांडा म्हणजे मी. मला बार म्हणतात. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका व्यायामशाळेत माझे आयुष्य गेले. पंजाबातल्या कारखान्यातून ट्रकने इथे आलो, तेव्हा मी आरशासारखा चमकत होतो.

व्यायामशाळा खुशालराव सरांची. तिथे झाडलोट करायला एक नेपाळी बाई येत. त्यांचे पती समोरच्या इमारतीत रखवालदार होते. मुलगी शकुन लहान असतानाच हे कुटुंब नेपाळ सोडून अकोल्यात आले होते. एके सकाळी आईला ताप आला, म्हणून शकुन झाडायला आली. तिने मला चकत्यांसकट उचलले आणि बाजूला ठेवले. सर दारातच थबकले.

"काहून उचललं वं त्याले?"

"खाली कचरा होता न, सर."

दुसऱ्या दिवसापासून सर तिला शिकवू लागले. हाताला पांढरी पूड चोळून ती मला धरायची. तिच्या तळव्यांना घट्टे पडले. घरी ती नेपाळी बोलायची, माझ्याजवळ मात्र अस्सल वऱ्हाडी.

अमरावतीच्या राज्य स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. तिचा फोटो चौकात लागला, खाली लिहिले होते, 'आमची लेक'. त्या दिवसांत येणारा जाणारा मलाही हात लावून बघायचा. मला फार बरे वाटायचे.

पण देशाच्या संघात जायचे तर देशाचे नागरिकत्व हवे, आणि ते शकुनकडे नव्हते. ते मिळवण्यासाठी सरांनी धावपळ सुरू केली. त्याच सुमारास काठमांडूहून नेपाळच्या संघाचे बोलावणे आले, आमच्याकडून खेळ म्हणून. वडील म्हणाले, जा. तिला पाठवायला सरांचा जीव मात्र होईना.

"थांब पोरी. इथलं काम होऊन जाईन."

ती थांबली. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. काम काही झाले नाही. काठमांडूहून पुन्हा कोणी विचारले नाही. तरी ती रोज यायची आणि मला उचलायची. अशाच एका सकाळी मी तिच्या डोक्यावर असताना तिचा उजवा कोपर उलटा वळला. मी धाडकन खाली आदळलो. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती हाताकडे बघत बसली.

प्लास्टर निघाल्यावर ती भेटायला आली. सर मान खाली घालून म्हणाले, "मीच तुले अडवलं."

शकुन मग म्हणाली, "मलेई जावंसं नोतं वाटत, सर. तिथं मले कोन ओयखते? पन आता वाटते, एकदा जाऊन पाहाले पाह्यजे होतं."

त्या हाताने आता वजन पेलवणार नव्हते; त्यानंतर ती आत आली नाही. चौकातला फोटो कधीच उतरला. व्यायामशाळेत नवी यंत्रे आली, मी कोपऱ्यात उभा आहे, अंगावर गंज चढला आहे. शकुन जवळच्याच साडीच्या दुकानात काम करते. येता-जाता दाराशी क्षणभर थांबते, आत बघते आणि निघून जाते.

मित्रांनो, मला तेलाचे फडके लावले नाही तरी चालेल. पण ती दाराशी थांबलेली दिसली, तर तिला आत बोलवा.