शेवटच्या भागातली बाई

टोपीशिवाय आत सोडता येणार नाही, असं दारावरच्या बाईने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा हरीशरावांनी मुलीकडे वळून विचारलं, "मग ही माझ्या डोक्यावर काय आहे?"

"ती माकडटोपी आहे, बाबा. त्यांना काउबॉयची हवीय."

"जूनमध्ये माकडटोपी घालायला लावणाऱ्या देशाने मला टोप्या शिकवू नयेत."

"बाबा, प्लीज. एक दिवस."

आयर्लंडमधल्या नास गावी, त्या हॉटेलच्या हॉलबाहेर शनिवारी दुपारी काउबॉय जमले होते. बहुतेक साठीच्या पुढचे, दोघे वॉकरवर. एकाने बुटांना घोड्याला टोचायच्या चांदीच्या आऱ्या लावल्या होत्या. त्या गालिच्यात अडकून तो दर चार पावलांवर थांबत होता. एक बाई काठीचा घोडा घेऊन आली होती आणि तो बाहेर ठेवायला तयार नव्हती. हे सगळे 'थ्री वेल्स' नावाच्या मालिकेचे चाहते होते.

'थ्री वेल्स' ही अठ्ठावीस वर्षांपूर्वीची वेस्टर्न मालिका. कथा अमेरिकेतल्या वाळवंटाची, पण चित्रीकरण स्वस्तात पडावं म्हणून इथल्याच विकलोच्या डोंगरात केलेलं. त्यामुळे वाळवंटात दर दृश्यात पाऊस पडायचा आणि तहानेने मरणारी माणसं आधी छत्री बाजूला ठेवून यायची. अकरा भाग बनले, दहा दाखवले गेले, आणि अकरावा दाखवायच्या आत कंपनीच बुडाली. कोणाला पत्ताही लागला नाही. फक्त या त्रेपन्न माणसांना लागला, आणि ती दर वर्षी जमून रडत होती. मालिका किती भिकार आहे हे त्या हॉटेलात एकट्या हरीशरावांना ठाऊक होतं, कारण त्यांनी ती पोटासाठी पाहिली होती.

मुंबईत ते पालिकेच्या पाणीखात्यात कारकून. रविवारी अंधेरीतल्या एका स्टुडिओत डबिंग करायचे. आवाज बरा होता, पण नायकाला देण्याइतका नव्हता, म्हणून त्यांच्याकडे मरणारे लोक आले. 'थ्री वेल्स'च्या हिंदी आवृत्तीत ते एकूण चौदा वेळा मेले. कुठल्याही श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं नाही. मेलेल्याचं कोण लिहितं.

आता आत जायचं तर क्लबचा अध्यक्ष फिनबार याची परवानगी लागणार होती. फिनबार म्हणजे बॉयलर दुरुस्त करणारा सहा फुटी माणूस, छातीवर शेरीफचा बिल्ला. तो बरंच काही बोलला. हरीशरावांना त्यातलं एक 'ग्रँड' तेवढं कळलं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तुम्ही खरंच डबिंग केलं असेल तर," स्मृतीने आवाज खाली आणला, "एकदा मरून दाखवा."

"इथे?"

"नाहीतर पाहुण्यांना शेवटच्या भागाची टेप दाखवत नाहीत. नियम आहे."

बत्तीस वर्षं पाणीखात्यात काढलेल्या माणसाला नियमाचं नवल नव्हतं. हरीशरावांनी चष्मा काढून मुलीकडे दिला, छातीवर हात ठेवला, आणि नासच्या त्या हॉटेलच्या दारात, छत्र्यांच्या स्टँडजवळ, "आह... मालिक को... बता देना..." म्हणत ते गुडघ्यावर आले.

काठीच्या घोड्याची बाई किंचाळली.

"काय झालं?"

"ओळखलं तुम्हाला. अकराव्या भागातला तबेलेवाला."

आऱ्यांवाला मान हलवत काहीतरी पुटपुटला.

"आणि हा?"

"हा म्हणतोय, तबेलेवाला नाही. त्याच्या आधी मरतो तो."

"तोच बरोबर आहे," हरीशराव उठत म्हणाले. "मूर्ख आहेत, पण पाठांतर चांगलं आहे."

त्यांना टोपी मिळाली. तपकिरी, आधीच्या कोणाच्या तरी घामाचा वास असलेली. फोन मात्र दारात घोड्याच्या चंदीच्या बादलीत टाकावे लागले. टेपची नक्कल काढायला बंदी होती. ती एकुलती एक होती: भारतातल्या कोणीतरी केबलवरून भरलेली, कोणाच्या तरी सामानातून इकडे आलेली, आणि जवळच्याच टॅला गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात फिनबारला सापडलेली. मूळ इंग्रजी आवाज कंपनीबरोबर बुडाला होता. शेवटचा भाग जगात उरला तो हिंदीत, आणि हिंदी त्रेपन्नातल्या एकालाही येत नव्हती. टेप झिजू नये म्हणून ती वर्षातून एकदाच लावायची. नक्कल काढली तर झिजण्याचा प्रश्नच उरणार नाही, असं स्मृतीने ल्यूकनच्या आपल्या घरून फोनवर फिनबारला सुचवलं होतं. त्यावर त्याने विचारलं होतं, मग आम्ही जमायचं कशाला?

स्मृतीने आडोशाला जाऊन पर्समधून दुसरा, जुना फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि तो बाबांच्या टोपीत, आतल्या पट्टीखाली खोचला.

"हलू नका. टोपी काढू नका. मला डिलीट करायला लावतील, आणि मग संपलं."

"सांगितलंस का त्यांना, की ती—"

"नाही. तुम्हीच नको म्हणालात."

"नकोच. या विदूषकांना तुझी आई कशाला द्यायची."

कारण शेवटच्या भागात वासंतीचा आवाज होता.

त्या रविवारी ती स्टुडिओत डबा द्यायला आली होती. शेवटचा भाग मुंबईत पोचला तो मुका. आवाजाची फीत नाही, संहिता नाही. ओठ बघून संवाद रचायचे, अशी आज्ञा झाली. विधवेचं काम करणारी मुलगी आली नव्हती, आणि एकच वाक्य राहिलं होतं: शेरीफ घोड्यावरून निघून जातो, दारातून विधवा त्याला हाक मारते, तो वळत नाही. दिग्दर्शकाने डबा धरून उभ्या असलेल्या वासंतीला माइकसमोर ढकललं. ती थिजली. "वहिनी, समजा, नवरा लक्ष देत नाहीये. बोला काहीतरी!" तिने घसा खाकरला, आणि तिच्या तोंडून अस्सल नागपुरी सुरात ते वाक्य निघालं जे घरात रोज सकाळी साडेसहाला ऐकू यायचं, निदान ऐकू यावं अशी तिची अपेक्षा असायची. "अजी, गॅस कमी करा नं, दूध उतू जाऊन राह्यलं!"

"हिंदी, वहिनी, हिंदी!" दिग्दर्शक ओरडला. पण वाक्य पडद्यावरच्या ओठांवर चपखल बसलं होतं, आणि रेकॉर्डिस्ट डबा उघडून बसला होता. तेच राहिलं.

वासंती जाऊन तीन वर्षं झाली. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर घ्यायची. लग्नाच्या कॅसेटवर वरून सनई भरलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर ती फक्त अंगठा पाठवायची. घरभर शोधूनही तिचा आवाज कुठेच नाही, हे कळायला हरीशरावांना आठ महिने लागले. मग चाहत्यांच्या पानावर स्मृतीला दिसलं: 'शेवटच्या भागातली बाई कोण?' खाली चारशे उत्तरं, सगळी चूक.

त्या तीन सेकंदांसाठी हरीशराव साडेसात हजार किलोमीटर आले होते आणि छत्र्यांच्या स्टँडजवळ मेले होते.

दिवे मंदावले. पडद्यावर पाऊस सुरू झाला. प्लास्टिकचं निवडुंग वाऱ्याने आडवं झालं, त्याला लोकांनी टाळ्या दिल्या. हरीशराव एकदा मेले, दुसऱ्यांदा मेले. दर वेळी पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून त्यांच्याकडे आदराने पाहिलं. त्यांनी मान ताठ ठेवली. अभिमानाने नव्हे, फोनमुळे.

मग शेरीफ घोड्यावर चढला. दारात विधवा आली. हरीशरावांनी श्वास धरला.

आणि त्याच क्षणी खुर्च्या वाजल्या. सगळा हॉल उभा राहिला. वॉकरवाल्या दोघांना शेजाऱ्यांनी उभं केलं. त्रेपन्न टोप्या उतरून छातीवर आल्या. टोपी राहिली ती एका डोक्यावर.

"बाबा," स्मृती कुजबुजली, "हे मला माहीत नव्हतं."

पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं, आणि हरीशरावांना काहीही ऐकू आलं नाही. कारण हॉल बोलला. बॉयलरवाला, आऱ्यांवाला, काठीच्या घोड्याची बाई, सगळे एका दमात. आधी त्यांनी घसा खाकरला. सगळ्यांनी, एकसाथ, बारीक, जसा वासंती खाकरायची तसा. मग:

"अजीऽ, गॅस कॉमी कॉरा नंऽ, दूद उतू जाऊन राय्लं!"

शब्दांची पार माती झाली होती. पण 'अजी'वरचा तो किंचित वैताग तिचा होता. 'नं' लांबवून शेवटी वर नेणं तिचं होतं. 'दूध'आधीचा अर्धा श्वास, ज्यात ती ओट्याकडे एकदा बघून घ्यायची, तोही त्यांनी सोडला नव्हता. वर्षानुवर्षं, एक अक्षर न कळता, या बावळटांनी तो जपला होता. हरीशरावांना स्वतःला तो आठवत नव्हता.

त्यांनी टोपी काढली.

फोन टकलावरून घसरला, खांद्यावर आपटला आणि गालिच्यावर पडला. लाल ठिपका लुकलुकत होता. शेजारच्या फिनबारने वाकून तो उचलला. पडद्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. त्याचा अंगठा ठिपक्यावर येऊन थांबला.

पण त्याने दुसरंच विचारलं. हळू, एकेक शब्द सुटा करून. हरीशरावांना त्याचं इंग्रजी पहिल्यांदाच मुलीच्या मदतीशिवाय कळलं. ती काय म्हणते?

याच प्रश्नाची ते विमानापासून वाट पाहत होते. उत्तर ऐकल्यावर या लोकांचे चेहरे कसे पडतील, याची त्यांनी मनात तालीमही केली होती.

"गॅस कमी करा," ते इंग्रजीत म्हणाले. "दूध उतू जातंय."

फिनबार हसला नाही. छातीवरची टोपी तशीच धरून त्याने पडद्याकडे पाहिलं. शेरीफ पावसात लहान होत चालला होता.

"मग?" त्याने विचारलं. "केला का त्याने?"

"नाही," हरीशराव म्हणाले. "मी पेपर वाचत होतो."

फिनबारने फोन हरीशरावांच्या हातातल्या उलट्या टोपीत ठेवला, ठिपका तसाच चालू, आणि वर आपली टोपी झाकली.