मीबाईंचा ‘मी’

‘‘मीबाई, उठा. हा तर तुमचाच विषय. द्या इकडे, मी बोलते.’’

‘‘पाळी कुणाची आहे?’’

‘‘तुमची. पण...’’

‘‘मग झालं तर.’’

मीबाईंनी माइकचं बटण दाबलं, लाल दिवा लागला आणि मी तोंड मिटलं. लाल दिवा लागल्यावर केबिनमध्ये शिंकसुद्धा गिळावी लागते.

आमची काचेची केबिन सभागृहाच्या वरच्या अंगाला आहे. खाली देशोदेशीचे प्रतिनिधी आपापल्या भाषेत बोलतात आणि आम्ही दुभाषी ऐकता ऐकता ते आमच्या भाषेत सांगत जातो. ज्याला जी भाषा हवी, तिचं बटण दाबून तो हेडफोनवर ऐकतो. दोघीजणी, अर्धा-अर्धा तास, आळीपाळीने. या कामाची एक रीत आहे. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. मंत्री म्हणाले, ‘मी राजीनामा देतो’, की आपणही राजीनामा देऊन मोकळं व्हायचं. स्वतःबद्दल काही सांगायची वेळ आली, तर मात्र ‘दुभाषी’ म्हणायचं. ‘दुभाषी दुरुस्ती करते’, ‘दुभाषी क्षमा मागते’. म्हणजे आमच्या तोंडातला ‘मी’ कधी आमचा नसतोच.

मीबाईंच्या ही रीत इतकी अंगवळणी पडली होती, की कँटीनमध्येसुद्धा त्या ‘मला’ गाळून नुसतं ‘चहा हवाय’ म्हणायच्या. म्हणून तर आम्ही थट्टेने त्यांचं नाव मीबाई ठेवलं. ‘‘दिवसभर राष्ट्राध्यक्ष असते, घरी आली की कुणीच नसते,’’ असं त्यांचे यजमान म्हणत.

अशा बाईला आम्ही कर्मचारी संघटनेची अध्यक्ष केलं. कारण झालं आवाजाचं. प्रतिनिधी घरबसल्या पडद्यावरून बोलायला लागले आणि आमच्या कानांची दशा झाली. कुणाचा माइक फाटका, कुणाच्या मागे कुत्रं भुंकतंय. मध्येच एखादी कर्कश किंचाळी थेट डोक्यात घुसायची. आमच्यातले काहीजण रजेवर गेले ते परतलेच नाहीत. मीबाईंच्या डाव्या कानात एके दिवशी शिट्टी वाजायला लागली. ती थांबली, तेव्हा त्या कानाने ऐकू येणंही थांबलं होतं.

आमची मागणी साधी होती. आवाज खराब असेल तर दुभाष्याला थांबता यावं आणि त्यापायी कुणाच्या नोकरीवर गदा येऊ नये. पण प्रशासनाचे साहेब दोन वर्षं ढिम्म. ‘‘बैठक मध्येच थांबली तर सदस्य देश मला फाडून खातील,’’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

माझ्यासारख्या तापट मंडळींना तेव्हाच संप हवा होता. मीबाई म्हणाल्या, ‘‘संप करायला कोण नको म्हणतंय? पण आधी साहेबांना केबिनमध्ये तर बसवू.’’ आणि गेल्या, चक्क त्यांना घेऊनच आल्या. साहेबांनी हेडफोन लावून पडद्यावरची एक बैठक ऐकली. थोड्याच वेळात हेडफोन काढून ते कान चोळायला लागले.

‘‘हे तुम्ही रोज ऐकता?’’

मला वाटलं, आता मीबाई चांगलंच सुनावतील. त्या म्हणाल्या, ‘‘हो. आता तुमची खुर्ची दाखवा.’’

एक अख्खा दिवस त्या साहेबांच्या खोलीत बसून आल्या. बैठक जराशी लांबली, तरी कुठला ना कुठला राजदूत फोनवरून साहेबांची बिनपाण्याने हजामत करत होता. परत येऊन मला म्हणाल्या, ‘‘अगं, त्या माणसाचेही कानच जातायत.’’

त्यानंतर दोघं टेबलाच्या एकाच बाजूला बसून नियम लिहायला लागले. भांडले म्हणजे कचकचून भांडले. साहेबांनी पेन आपटलं, मीबाई दोनदा उठून निघाल्या आणि दोन्ही वेळा साहेबच त्यांना बोलवायला जिन्यापर्यंत गेले. शेवटी ठरलं ते असं: आधी तंत्रज्ञाने आवाज सुधारून बघायचा. नाहीच सुधारला तर दुभाष्याने थांबायचं आणि राजदूतांना तोंड द्यायचं ते साहेबांनी.

तोच नियम आज सदस्य देशांपुढे मंजुरीला होता. खरं तर तो दुपारी यायचा होता, तेव्हा मीबाई खाली साहेबांशेजारी बसणार होत्या. पण सभापतींनी तो सकाळीच काढला आणि मीबाई नेमक्या पाळीवर.

साहेब बोलायला उभे राहिले.

‘‘हा नियम मी आणि कर्मचारी संघटना मिळून आणत आहोत,’’ मीबाईंचा आवाज नेहमीसारखाच ठाम होता. ‘‘तो दोन वर्षांपूर्वीच यायला हवा होता. मी टाळाटाळ केली.’’

मग साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. संघटनेच्या अध्यक्षांचं नाव घेतलं आणि म्हणाले, त्या काळात त्यांचा डावा कान गेला.

मीबाई म्हणाल्या, ‘‘त्या काळात माझा डावा कान गेला.’’

मी जागच्या जागी गार पडले. आमच्या भाषेच्या बटणावर ऐकणारे सगळे साहेबांच्या कानाकडे बघायला लागले. सभापतीही त्यांतलेच.

‘‘आपल्या कानाचं ऐकून फार वाईट वाटलं,’’ ते साहेबांना म्हणाले. साहेब गोंधळले. दुसऱ्या भाषांच्या बटणांवर ऐकणाऱ्यांत खसखस पिकली.

मीबाईंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांची अशी चूक कधी झाली नव्हती. ‘‘दुभाषी... दुभाषी दुरुस्ती करते...’’

साहेबांनी आमच्या भाषेचं बटण दाबून मीबाईंचा आवाज ऐकला आणि मान वर करून आमच्या काचेकडे पाहिलं. तिथे कोण बसलंय ते त्यांना आता कळलं. त्यांनी हात वर केला आणि बोलले. ते बोलणंही मीबाईंनाच सांगावं लागलं.

‘‘दुरुस्तीची गरज नाही. कान... कान आमचाच गेला आहे.’’

खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. या बाईच्या शेजारी बसून मी काम शिकले, हे त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं. पण दिवा लाल होता.

नियम एकमताने मंजूर झाला. खाली टाळ्या वाजल्या. साहेब आमच्याकडे तोंड करून टाळ्या वाजवत होते.

मग माझी पाळी आली. पुढचे वक्ते पडद्यावर होते. त्यांनी तोंड उघडलं आणि तीच किंचाळी कानात घुसली. तंत्रज्ञाने खटपट करून पाहिली, काही उपयोग झाला नाही. मी मीबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

‘‘आवाज नीट येत नाही. दुभाषी थांबत आहे.’’

दिवा विझला. खाली कुणी आरडाओरडा केला नाही. सभापतींनी चष्मा पुसायला घेतला. साहेब स्वतः उठून तंत्रज्ञाकडे गेले. सगळं सभागृह आमच्यासाठी गप्प बसून होतं.

‘‘ऐकलीत का ही शांतता?’’ मी मीबाईंना हळूच विचारलं.

त्या खालीच बघत राहिल्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. पहिल्या दिवसापासून तिथेच बसत आले होते. मी उठले, खुर्ची उचलून त्यांच्या उजवीकडे नेऊन ठेवली आणि पुन्हा विचारलं.

‘‘ऐकली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी ऐकली.’’