पोळ्याचं पेट्रोल

सकाळी साडेनऊ वाजता इस्तारी मोहुर्लेनं आपली पांढरी व्हॅन धानोऱ्याच्या पंपावर प्रीमियम पेट्रोलच्या नळीसमोर लावली आणि टाकीचं झाकण उघडलं.

"काका, पोळा आला म्हणा की," नळी उचलत करिश्मा म्हणाली. पंपावर कामाला लागल्यापासून ती हे पाहत होती. हा माणूस वर्षभर साधं पेट्रोल घेई. पोळ्याच्या दिवशी मात्र प्रीमियम, तेही काठोकाठ.

"भर बाई. पोट भरू दे तिचं."

मागे मोटारसायकलवर त्याच्याच गावचा नथ्थू होता. त्यानं हॉर्न वाजवला. "इस्तारीभाऊ, दात पडल्या बैलाले बदाम चारून राह्यले का?"

"चारून राह्यलो. तुह्या घरचे आहेत का बदाम?"

करिश्मा हसली. मागे एकदा तिनंच त्याला सांगितलं होतं, की हे पेट्रोल जास्त दाबाच्या इंजिनांसाठी असतं, तुमच्या गाडीला त्याचा उपयोग नाही. इस्तारीला ते पटलं होतं. पटण्याआधी त्यानं स्वतः करूनही पाहिलं होतं. एक अख्खा उन्हाळा व्हॅनला प्रीमियमच पाजलं. ती तेवढीच पळाली, चढावर तेवढीच धापली. त्यानंतर तो पुन्हा साध्यावर आला. पोळा तेवढा त्यानं सोडला नाही.

घरची बैलजोडी विकून त्यानं ही व्हॅन घेतली होती. वाडीतली वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर आठवडी बाजाराला न्यायची, येताना गावची माणसं आणायची. गावात एखाद्याला रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, की लोक आधी इस्तारीचं दार वाजवत, मग रुग्णवाहिकेला फोन लावत. या महिन्यात गाडीची पंधरा वर्षं भरत होती. आता सरकारी तपासणीत पास झाली तरच ती पुढे रस्त्यावर राहणार होती.

तो घरी आला तेव्हा मुलगा देवानंद चंद्रपूरहून येऊन अंगणात बसलेला होता. त्यानं व्हॅनकडे पाहिलं, मग टाकीच्या झाकणाजवळ नाक नेलं.

"बा, मी भंगारवाल्याशी बोलून ठेवलं. गुरुवारी गाडी घ्यायले येते तो. अन् तू तिच्यात प्रीमियम भरून आणलं?"

"कोणाले इचारून बोलावलं?"

"खालचा पत्रा जंगानं खाल्ला तिचा. तपासणीत काई पास होत नाई ती. अन् गाडीच्या पुस्तकातच लिवलं आहे, साधं पेट्रोल घाला म्हणून. फायदा काय याचा?"

"काईच फायदा नाई."

"मंग?"

"पुरणाची पोळी खाऊन बैल दुसऱ्या दिवशी जास्तीचं वावर नांगरते का? मंग आज काऊन चारतेत लोकं?"

 देवानंदनं फोन काढून भंगारवाल्याचा नंबर पुढे धरला.

अन्नपूर्णानं, इस्तारीच्या बायकोनं, दरवर्षीप्रमाणे व्हॅनच्या तोंडावर हळदीकुंकू लावलं, काचेच्या वर बाशिंग बांधलं. दरवर्षी पूजा एवढ्यावर, अंगणातच संपे. यंदा इस्तारी स्टिअरिंगवर जाऊन बसला.

"आता कुठी?" तिनं विचारलं.

"आखरावर. तोरणाखाली."

"अवो, लोकं हासतीन!"

"हासू दे."

गावाबाहेरच्या आखरावर, गुरं जमायच्या मोकळ्या जागेत, दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली बैलजोड्या रांगेनं उभ्या होत्या. ट्रॅक्टर आल्यापासून ही रांग दरवर्षी आखूड होत होती. इस्तारीनं व्हॅन आणून रांगेच्या टोकाला उभी केली. बैल बुजले. पोलीस पाटील मुखरू काठी आपटत आला.

"इस्तारी, इथी बैल उभे राह्यतेत. मोटार नाई."

"माह्या घरचा बैल हाच आहे, पाटील. आजच्या दिवशी त्याले कुठी बांधू?"

शेजारी नथ्थूची जोडी होती. पोळ्याला तोरणाखाली एकमेकांना चिमटे काढणाऱ्या झडत्या म्हणतात, आणि झडतीला झडतीनंच उत्तर द्यावं लागतं. जो गप्प राहिला तो हरला. नथ्थूनं संधी साधली. कानावर हात ठेवून त्यानं आरोळी दिली:

"शिंग नाई, शेपूट नाई, नाई गळ्यात घाटी,
पेट्रोल पेते महागाचं अन् धूर सोडते पाठी!
हर बोला..."

"हर हर महादेव!" आखरावर एकच हशा फुटला. मुखरू पाटलानं काठीनं व्हॅनला बाहेरची वाट दाखवली. देवानंद मान खाली घालून वडिलांची बाही ओढू लागला. इस्तारीनं बाही सोडवली आणि बॉनेटवर हात टेकून, घसा फाडून म्हटलं:

"नाल्याच्या त्या चिखलामंदी तुहा बैल अडला,
तुहा नातू सांग नथ्थू, पयले कुठी रडला?
हर बोला..."

 मागच्या पावसाळ्यात नथ्थूची सून स्वाती अडली तेव्हा तिला न्यायला निघालेली बैलबंडी नाल्यात रुतली होती. इस्तारीनं लांबच्या वाटेनं व्हॅन आणली. दवाखाना यायच्या आधीच, मागच्या सीटवर ती बाळंत झाली. हे सगळ्या गावाला माहीत होतं. बायकांच्या घोळक्यातून, लेकराला कडेवर घेतलेल्या स्वातीनंच पहिल्यांदा आवाज दिला, "हर हर महादेव!"

मग सगळा आखर ओरडला. नथ्थू खोट्या रागानं पुटपुटला, "लय बेकार माणूस आहे तू, भाऊ," आणि कासरा ओढून त्यानं आपली जोडी दोन हात बाजूला घेतली. मुखरू पाटलानं काठी काखेत घातली. तोरण तुटून पोळा फुटला तेव्हा व्हॅन रांगेत होती.

गुरुवारी इस्तारी भल्या सकाळी गाडी घेऊन गडचिरोलीला निघाला. देवानंदही शेजारी येऊन बसला. तपासणीच्या मैदानात त्यांचा नंबर दुपारी लागला. अधिकारी तरुण होता. त्यानं दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, धूर तपासला, आणि दारं दोनदोनदा लावून पाहिली.

"खालून पत्रा पाहावा लागेल," तो म्हणाला. त्यानं पोतं अंथरलं आणि बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला.

देवानंदचा फोन वाजला. त्यानं फोनवर हात ठेवला. "बा, भंगारवाला गावात येऊन उभा आहे. काय सांगू त्याले?"

"सांग, गाडी कामावर गेली."

गाडीखालून पत्र्यावर टकटक ऐकू येत होती. एका जागी ती थांबली, मग त्याच जागी पुन्हा सुरू झाली. अधिकारी अजून बाहेर आला नव्हता. त्याचे बूट तेवढे दिसत होते.