मी गेटवर जमा होणार नाही

मी एक जुनी पक्कड आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी कहाणी ऐकून हळहळू नका. माझ्या नाकाचा टवका उडाला आहे, मुठीवरचा लाल रंग गेला आहे, पण मला कुणाचीही दया नको.

नुसती पक्कड म्हटले तर मात्र मला राग येतो. माझ्या एका मुठीत चाकू आणि कानस आहे, दुसरीत दोन पेचकस आहेत. शिवाय बाजूला बोराएवढा दिवा आहे. बटण दाबले की जिथे हात चालतो तिथेच उजेड पडतो. दुकानात मला 'मल्टिटूल' म्हणत.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या पोलादावर साचा आदळला आणि माझा जबडा तयार झाला. त्या काळात आपल्या देशाने परदेशी मालासाठी दारे उघडली होती. मी खोक्यात बसून, समुद्र ओलांडून पुण्यात, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत आले. तिथल्या एका दुकानात काचेमागे बसून राहिले. लोक मला हातात घेत, दिवा दोनदा लावून बघत आणि "खेळणं आहे" म्हणून परत ठेवत. खेळणे! तेव्हापासून कामाचीच ठरायचा हट्ट माझ्या मनात बसला.

एके दिवशी दशरथ नावाचे गृहस्थ आले. ते हडपसरच्या कारखान्यात कामाला होते आणि येरवड्यात राहत. त्यांची मुलगी हिरा आयटीआयतून इलेक्ट्रिशियन झाली होती. तिच्यासाठी त्यांना काहीतरी घ्यायचे होते.

"हिची गॅरंटी काय?" त्यांनी विचारले.

दुकानदाराने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. "आम्ही वस्तू विकतो. भविष्य पलीकडच्या बोळात सांगतात."

दशरथ हसले. त्यांनी माझ्या जबड्यात एक तार धरली आणि जोर लावून ओढली. तार सुटली नाही. मी त्यांच्याबरोबर घरी गेले.

घरी मला पाहून हिराची आई, विमलाबाई, कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, पोरीला कानातले डूल आणायचे, तर तुम्ही पक्कड काय आणलीत!"

"आई, डूल डबीत बसतील. ही माझ्याबरोबर कामाला येईल," हिरा म्हणाली आणि तिने मला उशाशी ठेवले.

दशरथ एवढेच म्हणाले, "शिकलीस ना? मग काम हक्कानं मागायचं. मान खाली घालून नाही."

तेव्हा खराडीत ज्वारीच्या शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ठेकेदारामार्फत हिरा देखभालीच्या कामाला लागली. तिथे ती एकटीच बाई इलेक्ट्रिशियन होती. पहिल्याच सकाळी गेटवरच्या तात्यारावांनी तिची पिशवी उघडली. तात्याराव वाघोलीकडचे. माणूस सरळ, पण हुकमाचा ताबेदार.

"हे काय हाय?"

"पक्कड आहे, काका. कामाची."

"चाकू हाय हिच्यात. हत्यार आत न्यायचं न्हाय. सायबांचा हुकूम हाय."

आणि मी त्यांच्या टेबलाच्या खणात जाऊन पडले. संध्याकाळी हिराने मला परत घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खणाच्या फटीतून मी रोज बघत असे. इतर इलेक्ट्रिशियन येत, खांद्याला जड पिशव्या, त्यांतून डोकावणारे माझ्याहून मोठाले चाकू. कुणी त्यांच्या पिशव्या उघडत नसे. उघडली जाई ती फक्त हिराची. मित्रांनो, गंजण्यापेक्षा हे वाईट. गंज निदान सगळ्या लोखंडाला सारखा धरतो.

आत हिराला कुणी धड कामही देत नव्हते. "ताई, तुम्ही बल्ब बदला. पॅनेलचं आम्ही बघू," असे तिला सांगत. ती घरी येऊन शेजारपाजारच्यांच्या इस्त्र्या आणि पंखे माझ्याकडून दुरुस्त करून घेई. हातातला राग कामात उतरवी.

मग तो उन्हाळा आला. पुण्यात वीज सारखी जात होती. एका दुपारी कंपनीत अंधार झाला आणि जनरेटरही सुरू झाला नाही. सगळे इलेक्ट्रिशियन आपापल्या पिशव्या घेऊन इमारतीमागे जनरेटरकडे धावले. थोड्याच वेळात हिरा धापा टाकत गेटवर आली.

"काका, माझी पक्कड द्या! तळमजल्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत सॉफ्टवेअरच्या राजनंदिनी मॅडम अडकल्यात. कार्डाचं दार उघडत नाही. आत बॅटरीची वायर जळतेय, धूर झालाय."

"पोरी, सायबांना इचारल्याबिगर..."

"विचारा तुम्ही. तोवर त्या गुदमरतील!"

तात्यारावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग खण ओढला आणि मला तिच्या हातात दिले. "पळ," ते म्हणाले. "काय व्हायचं ते माझ्यावर होऊ दे."

त्या खोलीला खिडकी नव्हती. दारापाशी काळोख होता. आतून राजनंदिनी दारावर थापा मारत होती, खोकत होती. हिराने माझा दिवा लावला. माझ्या पेचकसाने दाराच्या मुठीवरची पट्टी काढली. आत कुलपाची जीभ वाकडी होऊन अडकली होती. हिराने मला उघडून ती जीभ धरली आणि पिळली. ती हलेना. आतल्या थापा हळू होत गेल्या.

"मॅडम, खाली बसा! ओढणी नाकाला धरा! मी दार उघडल्याशिवाय इथून हलणार नाही!" हिरा ओरडली आणि तिने सगळे वजन माझ्यावर टाकले.

माझ्या नाकाचे टोक तडकले. मला ते कळले, पण मी जबडा सोडला नाही. जीभ मागे सरकली. दार उघडले आणि धुराबरोबर राजनंदिनी हिराच्या अंगावर कोसळली. हिराने तिला ओढत बाहेर झाडाखाली नेले. पाणी पाजले. हळूहळू तिचा श्वास सुरळीत झाला.

तुम्हाला वाटेल, आता माझा सत्कार झाला असेल. कसला सत्कार! व्यवस्थापक बद्रीनाथ यांनी संध्याकाळी तात्यारावांना सगळ्यांसमोर झापले आणि हिराला बजावले, "झालं ते ठीक झालं. पण उद्यापासून ती वस्तू घरीच ठेवायची."

दुसऱ्या दिवशी हिरा मला पिशवीत नाही, हातात उघडी घेऊन गेटवर आली. तात्यारावांनी खण उघडला नाही. हात मागे बांधून ते नुसते उभे राहिले. बद्रीनाथ स्वतः बाहेर आले.

"अहो, नियम सगळ्यांना सारखा असतो."

"मग सगळ्यांच्या पिशव्या उघडा," हिरा म्हणाली. "त्यांच्याकडे चाकू आहेत की नाहीत, बघा."

"ते त्यांचं कामाचं सामान आहे."

"आणि माझं? मी इथे काय भातुकली खेळायला येते?"

बद्रीनाथांनी रस्त्याकडे बोट दाखवले. मग रुक्षपणे म्हणाले, "जमत नसेल तर येऊ नका."

"मी आले आहे, साहेब. कामावर आले आहे. हत्यार जमा करून आत जाणार नाही, आणि परतही जाणार नाही."

ती तिथेच उभी राहिली. ऊन चढले. राजनंदिनीचा आवाज अजून बसलेला होता, तरी ती आतून आली आणि हिराच्या शेजारी उभी राहिली. तिच्यामागून तिचे सहकारी आले. शेवटी पिशवी घेऊन उभा असलेला एक इलेक्ट्रिशियनच पुढे झाला आणि आपली पिशवी तात्यारावांच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "माझीही उघडा मग."

जेवणाच्या सुट्टीआधी बद्रीनाथांनी हात झटकला. "जाऊ द्या तिला." मी हिराच्या हातात बसून गेट ओलांडले. त्या दिवशी तिने पॅनेलचे काम मागितले, आणि ते तिला मिळाले.

पुढे हिराने हडपसरला स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यात दिवाही आहे. तिची लेक मैत्री मला चिडवते, "आई, या म्हातारीला आता रिटायर कर ना. शोकेसमध्ये छान दिसेल." अगं, मोबाइल उजेड पाडेल, पण स्क्रू कोण पिळेल? माझा दिवा एकदा बंद पडला, तेव्हाही लोक "नवीन घ्या" म्हणाले. हिराने माझी मूठ उघडली, नवा दिवा डाख देऊन बसवला आणि मला पुन्हा कामाला लावले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणीतरी खणात पडलेले असेल. त्याला मखमलीत गुंडाळू नका आणि भंगारातही देऊ नका. सांध्यात तेलाचा थेंब सोडा, ओल पुसा आणि काम द्या. आम्हाला जपायचे म्हणजे वापरायचे.

एवढ्यात समोरच्या पिठाच्या गिरणीतून हाक आली आहे. पट्टा सुटला आहे, दळणाची रांग लागली आहे. हिराने मला उचलले. तुमचा रीतसर निरोप घ्यायला मला सवड नाही.