कानिफनाथचा बिबट्या

दोन वर्षांपूर्वी उसाच्या कडेनं डेअरीत दूध घालायला जाताना बिबट्यानं कानिफनाथच्या डाव्या खांद्यावर पंजा मारला. कानिफनाथनं हातातली किटली त्याच्या नाकाडावर हाणली. बिबट्या उसात गेला, दूध मातीत गेलं आणि कानिफनाथ गावच्या इतिहासात गेला.

टाके निघाले, जखम भरली. वण मात्र थांबायलाच तयार नव्हता. तो फुगत गेला. खांद्यापासून दंडापर्यंत शेवग्याच्या तीन शेंगा चिकटवल्यासारखं दिसू लागलं. गावाला ते फार आवडलं. लग्नाच्या मांडवात कानिफनाथला पुढं बसवत आणि पाहुण्यांना ओळख करून देताना आधी बाही वर करायला लावत. वणाबरोबर बिबट्याही वाढला. सुरुवातीला तो कुत्र्याहून थोडा मोठा होता. दूध संस्थेच्या संचालकपदासाठी कानिफनाथचं नाव पुढं आलं तोवर चांगला गोऱ्ह्याएवढा झाला होता.

अडचण एकच होती. वण खाजायचा. झोप नाही, सदऱ्याचं कापड सोसवत नाही.

"अवं, मांडवात ताठ बसता आन घरी येऊन भित्तीला अंग घासता," रतनबाई म्हणाली. "आपली म्हस बरी, ती निदान दूध देती."

शेवटी तिनंच त्याला संगमनेरला डॉक्टर वृषालीबाईंकडं नेलं. त्यांनी वण दाबून पाहिला.

"हा कापायचा नाही हं. नुसता कापला तर पुन्हा येतो, कधी कधी आधीपेक्षा मोठा."

"मोठा?" कानिफनाथच्या आवाजात आशा होती. रतनबाईनं कोपरानं ढोसलं.

वणातच इंजेक्शन, दर महिन्याला. वर सिलिकॉनची पट्टी, अंघोळीपुरती काढायची. ऊन लागू द्यायचं नाही, नख लावायचं नाही. पूर्ण पुसला जाणार नाही, पण बसेल आणि खाज थांबेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"म्याडम, खाज तेवढी काढून वण ऱ्हाऊ देता यील का?"

"किती ठेवायचाय?" डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं.

कानिफनाथनं विचार केला. "लांबनं दिसंल इतका."

"इंजेक्शनला तसं सांगता येत नाही, काका."

सुई बिबट्यापेक्षा जास्त लागली. पण हे गावात बोलण्यासारखं नव्हतं.

काही महिन्यांत शेवग्याच्या शेंगांच्या गवारीच्या शेंगा झाल्या. कानिफनाथ घोरायला लागला. इकडं चहाच्या टपरीवर शेजारच्या अंगदनं सवयीनं त्याची बाही वर केली आणि पाहुण्याला म्हणाला, "हे बघा!"

पाहुण्यानं चष्मा लावला. "बछडा हुता व्हय?"

टपरी हसली. त्या दिवशी बिबट्या मांजराएवढा झाला.

कानिफनाथनं पुढचं इंजेक्शन गुपचूप चुकवलं आणि पट्टी खिशात ठेवायला लागला. वण फारसा वाढला नाही, खाज मात्र जुन्या ओळखीनं परत आली. दूध संस्थेच्या बैठकीत लोक त्याच्या नावावर बोलत असताना तो खांबाला खांदा घासत उभा होता.

"उमेदवार हाय का रेडा?" मागून कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी तो रतनबाईला न सांगता, एकटाच संगमनेरची एसटी धरून गेला आणि इंजेक्शन घेऊन आला. पट्टीही लावली. खुर्ची नको, झोप पाहिजे, एवढं त्याचं ठरलं.

खुर्ची तशीही राहिली नव्हती. त्याच आठवड्यात बिबट्यानं गावातल्याच बजरंगच्या पाठीवर पंजा ओढला. बजरंगचे टाके ताजे होते. तो बिनविरोध निवडून आला.

"जाऊ द्या," रतनबाई म्हणाली. "त्याची बायको यील आता, भित्तीची माती पडती म्हनून सांगायला."

बायको आली नाही, वर्ष व्हायच्या आत संचालक स्वतः आले. आधी इकडंतिकडं बघितलं, मग दाराच्या चौकटीला पाठ लावून वरखाली घासली.

"कानिफदा, लई खाजतंय. तुमच्या डाक्तरीनबाई खाज तेवढी काढतील का? वण ऱ्हाऊ द्यायचाय."

कानिफनाथनं त्याला बसायला पाट दिला. रात्रभर झोपलेल्या माणसाच्या शांतपणानं त्याची पाठ न्याहाळली.

"किती ठेवायचाय?" त्यानं विचारलं.