सुलट फेरी

ऑपलने क्लोव्हरच्या पोटाखालचा पट्टा एक भोक जास्तच आवळला, तशी घोडीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? तुझी नवी राणी तिकडे आहे," ऑपल पुटपुटली आणि तिने पट्टा सैल केला.

नवी राणी म्हणजे रोवीना, नवऱ्याची पुतणी. ती कुंपणापाशी वर्तमानपत्रवाल्याला फोटो काढू देत होती. तीन फेऱ्यांतली पहिली तिनेच जिंकली होती. दुडकीच्या शर्यतीत, जिथे घोड्याने चौखूर न उधळता दुडक्या चालीनेच दोन चाकी गाडी ओढायची असते, बाईने गाडी हाकायची, हे ओहायोतल्या या जत्रेत यंदा पहिल्यांदाच घडत होतं. मंडळाने परवानगी दिली आणि नेमकं त्याच साली तिच्या नवऱ्याचं, व्हर्जिलचं, खांद्याचं हाड मोडलं. आता तो आपल्यालाच गाडी हाकायला सांगेल, असं ऑपल धरून चालली होती. पण तो न्याहारीच्या टेबलावर अंड्यांकडे बघत म्हणाला, "रोवीनाला बोलावलंय. अंगाने हलकी आहे, हातही नरम आहे."

ऑपल त्याच्या कपात कॉफी ओतत राहिली, ती बशीत सांडेपर्यंत.

क्लोव्हर शिंगरू होती तेव्हापासून रोज सकाळी तिला ऑपलच फिरवायची. पण रोजचं फिरवणं मैदानाला उलट्या बाजूने, संथ चालीत. तशी रीतच आहे. तोंड सुलट वळवलं की घोड्याला कळतं, आता शर्यत. क्लोव्हरला सुलट वळवायचा मान व्हर्जिलचा. ऑपलने थंडीत बोटं बधिर होईस्तोवर उलटे फेरे मारायचे आणि जत्रेत टाळ्या घ्यायच्या व्हर्जिलने. नवऱ्याचा हेवा तिने कसाबसा गिळला होता. या पोरीचा मात्र घशाखाली उतरत नव्हता.

रोवीना पळतच आली. गाल लालबुंद झाले होते.

"काकू, काय तयार केलीत हो घोडी! मला काही करावंच लागलं नाही. नुसती बसले होते."

"दिसलंच ते," ऑपल म्हणाली.

रोवीना हसली. तिला टोमणा कळलाच नाही, याचाही ऑपलला राग आला.

व्हर्जिल गळ्यातल्या झोळीतला हात सांभाळत आला. "दुसऱ्या फेरीला अवकाश आहे. जरा फिरवून आण हिला, अंग आखडायला नको. आणि हळू हं."

"हळूच फिरवते मी. जन्म गेला त्यात."

लोक डुकरांच्या प्रदर्शनातली बक्षिसं बघायला पांगले होते. मैदान रिकामं होतं. ऑपलने अर्धा फेरा उलटाच मारला. पलीकडच्या अंगाला, गोठ्यांच्या आडोशाला तिने गाडी थांबवली. लगाम हातात होते आणि बघायला कुणी नव्हतं. तिने घोडीचं तोंड सुलट वळवलं.

क्लोव्हरने कान टवकारले. मग सांगावं लागलं नाही. चाकाखालची माती उडून ऑपलच्या दातांत कचकचू लागली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ती मोठ्याने हसली. एवढ्यावर थांबायला हवं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शर्यतीच्या फेरीएवढा अख्खा मैल अशी पळवली तर पुढच्या फेरीला घोडीत काही उरत नाही. बसू दे मग त्या पोरीला नुसतं, असं मनाशी म्हणत तिने लगाम आणखी सैल सोडले.

परतल्यावर तिने घाईघाईने घोडीच्या अंगावर पाणी मारलं आणि वर घोंगडी टाकली. व्हर्जिलने घोंगडीखाली हात घातला. बराच वेळ तो हात तिथेच होता.

"घाम फार आलाय."

"ऊन आहे," ऑपल म्हणाली.

त्याने घोंगडी पुन्हा नीट पांघरली.

दुसऱ्या फेरीत क्लोव्हर शेवटच्या वळणापर्यंत पुढे होती. मग तिची दुडकी मोडली आणि ती वेडीवाकडी चौखूर उधळली. रोवीनाने नियमाप्रमाणे तिला खेचून दुडक्या चालीवर आणलं, तोवर बाकीच्या गाड्या निघून गेल्या.

"बाईच्या हाती लगाम दिल्यावर दुसरं काय होणार!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि सगळे खिदळले. ऑपलला जे हवं होतं तेच झालं होतं. पण ते हसू तिलाही झोंबलं.

तबेल्यापाशी रोवीना रडत उभी होती. "माझंच चुकलं, काकू. मीच कुठेतरी लगाम ओढला असणार."

आता निकाल तिसऱ्या फेरीवर होता. व्हर्जिलने रोवीनाच्या डोक्यावरची टोपी काढून ऑपलपुढे धरली.

"ही फेरी तू हाक. पंचांना विचारून आलोय."

ऑपलचा हात टोपीकडे गेलासुद्धा. तेवढ्यात क्लोव्हरने अंग टाकल्यासारखं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. घोडीचे पुढचे पाय थरथरत होते.

"हिच्यात काय उरलंय आता?" ऑपल म्हणाली.

"ते तुला माहीत." व्हर्जिलने धड हाताने खिशातलं घड्याळ काढलं. "मघाशी मी गोठ्यांच्या मागेच होतो. हे लावून तुझी वेळ घेतली."

ऑपलने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती खाली वाकली आणि गाडीचे पट्टे सोडवू लागली.

"शर्यतीतून घोडी काढून घेतली म्हणून सांग पंचांना."

"पण का, काकू?" रोवीनाने नाक पुसलं. "माझ्यामुळे?"

"तू नाही हरलीस. घोडी तुझ्या फेरीआधीच धावून आली होती."

"कुणी पळवली?"

"मी."

रोवीना एक पाऊल मागे सरकली. मैदानावर तिसऱ्या फेरीची घंटा झाली. ऑपलने शेवटचा पट्टा सोडवून खांद्यावर टाकला. आता तोंड मिटून घोडीला घेऊन जावं, हे तिला कळत होतं. तिला राहवलं नाही.

"व्हर्जिल, रोवीनापेक्षा लवकर आले ना मी?"

व्हर्जिलने पुतणीकडे पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडे.

"हो," तो म्हणाला. "बरीच लवकर."